जेवायचा हात

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी केतकी एकटी पुढे निघून गेली. ती तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. माझ्या कडेवर सुमेध होता, नऊ महिन्यांचा, आणि त्याचं पोट बिघडलेलं होतं. तारीख बारा फेब्रुवारी एक्क्याण्णव, वार मंगळवार.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका मध्यम धरणाच्या वसाहतीत राहत होतो. माझे यजमान, प्रभाकर कुलथे, तिथे शाखा अभियंता होते. वसाहतीपासून गाव दीड किलोमीटर. गावात केतकीची बालवाडी होती आणि तिला लागूनच आरोग्य उपकेंद्र. हे अंतर मी एकटी सतरा मिनिटांत चालायचे. केतकीबरोबर चाळीस मिनिटं लागायची. केतकी आणि सुमेध दोघांना घेऊन पंचावन्न. आमच्याकडे बाबागाडी होती, पण मुरमाच्या रस्त्यावर तिची पुढची चाकं आडवी व्हायची, म्हणून ती व्हरांड्यात होती आणि तिच्यात कांदे ठेवलेले होते.

वसाहत आणि गाव यांच्या मधून कालवा जायचा. एरवी तो कोरडा असायचा आणि सगळी वसाहत पायऱ्यांनी तळात उतरून पलीकडे चढायची. पुलावरून जायचं म्हणजे वळसा. त्या दिवशी मात्र रब्बीचं आवर्तन सुटणार होतं, म्हणजे धरणाचं गेट उघडून कालव्यात पाणी सोडणार होते. वेळ अकराची. आदल्या संध्याकाळी पाटकरी कारभारी घुले घरोघर सांगून गेले होते, "उद्या अकराच्या पुढं तळात कुनी उतरायचं नाही. गुरं बी नाही." पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी आणि कालव्याचा काठ सांभाळणारा माणूस. कारभारी हे त्यांचं नाव होतं, हुद्दा नव्हे.

मला उपकेंद्रात साडेअकराच्या आत पोचायचं होतं. सुमेधला गोवराची लस द्यायची होती. सिस्टर महिन्यातून एकदाच बर्फाचा डबा घेऊन यायच्या आणि बर्फ संपला की जायच्या.

आम्ही साडेनऊला निघालो. पहिल्या दोनशे मीटरमध्ये केतकीने तीन खडे उचलले आणि तिन्ही माझ्या पिशवीत टाकले.

"मला पण कडेवर घे."

"दोन कडा आहेत, पण हात एकच मोकळा आहे. त्यात पिशवी आहे."

"पिशवी बाळाला दे."

"तो तोंडात घालेल."

"मग मी पिशवी धरते, तू मला घे."

"त्या बाभळीपर्यंत चाल. मग बघू."

बाभळीपाशी तिने आठवण करून दिली. मी पुढची बाभूळ दाखवली. त्या रस्त्यावर बाभळी भरपूर होत्या, म्हणून आम्ही रोज बालवाडीत पोचायचो.

फाट्याच्या थोडं अलीकडे सुमेधने लंगोट भरवला. रस्त्याच्या कडेला सावली बघून मी बसले. तो रडत होता, पाण्याची बाटली अर्धीच होती. केतकी माझ्याभोवती फेऱ्या मारत होती.

"झालं का?"

"नाही."

"आता झालं का?"

"केतकी, तू पुढे हो. पुलापाशी थांब. आम्ही आलोच."

पुढे रस्ता वळत होता आणि त्या वळणापुढे शंभर पावलांवर फाटा होता. तिथून तीन वाटा फुटत. समोर तळात उतरणाऱ्या पायऱ्या. उजवीकडे काठाकाठाने पूल, अडीचशे मीटरवर. डावीकडे तोच काठ धरणाच्या गेटाकडे जायचा, पावणेदोन किलोमीटर. रस्त्यावर वाहन नव्हतं. पाच मिनिटं ती नजरेआड गेली तरी मला चालणार होतं.

"आज पायऱ्या उतरायच्या नाहीत," मी म्हणाले. "पाणी येणार आहे. आज जेवायच्या हाताच्या बाजूला वळायचं. कळलं?"

"कळलं."

"कुठल्या?"

"जेवायच्या," ती म्हणाली आणि गेली.

दहा चौदाला मी फाट्यावर आले आणि उजवीकडे वळले. पुलावर केतकी नव्हती. मला वाटलं, तिला धीर धरवला नसेल, बालवाडीत गेली असेल. पूल ओलांडून मी गावात गेले. दहा सव्वीसला बालवाडीच्या दारात उभी होते. बाई मुलांकडून गाणं म्हणवून घेत होत्या.

"केतकी आली का?"

"तुमच्याबरोबर असते ना ती?"

उपकेंद्राच्या ओट्यावर सिस्टर होत्या. त्यांनी सुमेधकडे पाहिलं.

"आलात का. आणा इकडे. बर्फ पाणी व्हायला लागलाय."

"माझी मुलगी इकडे आली होती का? पिवळा फ्रॉक."

"नाही. याला तरी टोचून घ्या आधी."

"नंतर."

"नंतर म्हणजे मार्चमध्ये."

मी परत निघाले. दहा सदतीसला पुलावर आले तेव्हा कारभारी घुले सायकलवरून काठाने येत होते. आवर्तन सुटण्याआधी तळातली माणसं आणि गुरं वर काढणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी मला पाहून घंटी वाजवली.

"बाई, आज पुलावरूनच जावा बरं का."

"माझी मुलगी दिसली का?"

"कुठं हाये ती?"

"तेच विचारतेय."

मी त्यांना सांगितलं. ते सायकलवर बसूनच, एक पाय कठड्याला लावून ऐकत होते.

"मी खालच्या अंगानं आलो, दोन किलोमीटर. तिकडं कुनी नव्हतं. पर पोरगं झाडाआड बसलं तर दिसत बी नाही. फाट्यावर कुठल्या हाताला पाठवली होती?"

"जेवायच्या."

"म्हंजी उजवीकडं."

"हो," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "ती डावखुरी आहे."

"मग डावीकडं गेली आसंल."

"सासूबाईंनी तिला उजव्या हाताची सवय लावलीय. दोन महिने रोज."

"मग उजवीकडं."

"सासूबाई गेल्या शुक्रवारी संगमनेरला परत गेल्या."

कारभारींनी कठड्याचा पाय काढून जमिनीवर टेकवला.

"बाई, पोरगी आज सकाळी कुठल्या हातानं जेवली?"

मी आठवायचा प्रयत्न केला. सकाळी तिने दूध-पोळी खाल्ली होती. वाटी निळी होती. पोळी मी कुस्करून दिली होती. ती ओट्याखाली पाटावर बसली होती आणि माझी पाठ तिच्याकडे होती, कारण सुमेधला मऊ भात भरवायचा होता. वाटी रिकामी झाली तेव्हा मी ती उचलली. एवढंच मला माहीत होतं.

"मी पाहिलं नाही," मी म्हणाले.

"काल?"

"काल पण नाही."

कारभारींनी घड्याळ पाहिलं. त्यांचं घड्याळ सरकारी नव्हतं पण वेळ सरकारीच असायची, ते रोज रेडिओला लावून घ्यायचे.

"दहा चाळीस. आसं करू. मी गेटावर जातो नि पानी थांबवतो. साहेब तिथंच हायेत. पानी थांबलं की पोरगी कुठल्या का हाताला आसंना."

"आणि मी?"

"तुम्ही खालच्या अंगाला बघा. मी घाईत आलो, माझ्या नजरंतून सुटली बी आसंल."

ते डावीकडे गेले. मी उजवीकडे गेले. सुमेध झोपला होता. झोपलेलं मूल जागं असताना भरतं त्यापेक्षा जड भरतं. मी दर पन्नास पावलांवर थांबून हाक मारत होते आणि मग ऐकत होते. एका ठिकाणी बांधावरच्या बाईने विचारलं, "गाय हरवली का?" मी म्हणाले, "मुलगी." तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि काठाच्या दुसऱ्या बाजूने माझ्याबरोबर चालू लागली. तिचं नाव मी विचारलं नाही.

गेटावर काय झालं ते मला नंतर दोघांकडून कळलं. दोघांच्या हकिकतींत फरक नाही.

कारभारी दहा बावन्नला पोचले. उपविभागाचे अधिकारी, दोन मजूर आणि माझे यजमान गेट उघडायच्या चाकापाशी उभे होते. नारळ वाढवून झाला होता. कारभारी म्हणाले, "साहेब, गेट उघडू नका. तुमची केतकी सापडंना."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोण केतकी?"

"माझी मुलगी," हे म्हणाले. मग कारभारींना विचारलं, "कुठल्या बाजूला गेलीय?"

"ते बाईंना बी ठाऊक नाही."

"असं कसं?"

"जेवायच्या हातावर हाये ते सगळं."

यांना काहीच कळलं नाही, पण ते तळात उतरले. मजुरांना त्यांनी दोन्ही काठांवर पाठवलं आणि स्वतः कोरड्या तळातून फाट्याकडे चालायला लागले. अधिकारी घड्याळ बघत गेटावर थांबले. खालच्या गावांचे लोक आपापल्या चाऱ्यांवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या लहान पाटांवर, पाण्याची वाट बघत बसलेले होते, त्यांना काय सांगायचं याची त्यांना काळजी होती. ती खरीच होती.

अकरा वाजून बारा मिनिटांनी केतकी सापडली.

फाट्यापासून डाव्या अंगाला सातशे मीटरवर पाण्याची खोली मोजायची जागा होती. तिथे कालव्यावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या आणि खाली तळापर्यंत उतरायला अरुंद पायऱ्या. ती त्या फळ्यांखाली, तळात, सावलीला बसली होती. चपला काढून शेजारी जोडून ठेवल्या होत्या. कारभारी तिच्या डोक्यावरच्या काठावरून सायकलने गेटाकडे गेले होते आणि हाकाही मारत गेले होते.

"वर ये," हे म्हणाले.

"नाही. आई म्हणाली पुलापाशी थांब."

"हा तो पूल नाही."

"हा पूलच आहे. लहान आहे."

"घुलेकाका हाका मारत गेले. ओ का दिली नाहीस?"

"ते 'ए पोरी' म्हणाले. माझं नाव केतकी आहे."

यांनी तिला उचलून वर आणलं. गेट अकरा चाळीसला उघडलं. नोंदवहीत विलंबाचं कारण लिहायचा रकाना होता. त्यात कारभारींच्या अक्षरात 'तळाची पाहणी' असं आहे.

मला जीप गाठेपर्यंत पावणेबारा झाले. मी पुलापासून अडीच किलोमीटर खाली होते. जीप थांबली, आधी केतकी उतरली, मग हे. बांधावरच्या बाईने केतकीला पाहिलं, मला पाहिलं, आणि आपल्या वावराकडे परत निघाली.

हे म्हणाले, "तू इकडे कशाला आलीस?"

"उजवीकडे म्हणून."

"ती डावीकडे होती."

"ते आता कळलं."

"घुले म्हणत होते, जेवायचा हात की काय. काय भानगड आहे?"

मी केतकीसमोर उकिडवी बसले. सुमेध जागा झाला होता आणि तिचे केस ओढत होता.

"केतकी, तुझा जेवायचा हात कुठला गं?"

तिने दोन्ही हात पुढे केले. सोपा प्रश्न विचारल्यावर बालवाडीत करायची तशी मान तिरकी केली.

"आजी असली की हा," तिने उजवा हलवला. "आजी नसली की हा."

"मग फाट्यावर?"

"फाट्यावर आजी नव्हती."

जीपने परत येताना पुलापाशी कालव्यातून पहिलं पाणी येताना दिसलं, तिथे आम्ही उतरलो. त्याच्यापुढे वाळकी पानं आणि फेस होता. आम्ही ते पुढे जाईपर्यंत बघत उभे राहिलो.

आता सवयीचं सांगते. माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, डिसेंबरात नातवाला बघायला आल्या होत्या. केतकी डाव्या हाताने घास घेते हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. त्या चिडल्या नाहीत. त्या चिडणाऱ्या बाई नव्हत्या. म्हणाल्या, "पंगतीत डावखुरं माणूस बसलं की शेजारच्याला शिक्षा. आत्ताच वळण लावलं तर लागेल. पुढे सासरी ऐकून घ्यावं लागतं, तिलाही आणि तुलाही." मला ते पटलं. न पटायला काही कारण दिसलं नाही, आणि नऊ माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाईशी वाद घालण्याएवढी झोप मला मिळत नव्हती.

त्यांची रीत अशी होती. जेवायच्या आधी केतकीच्या डाव्या हातात यांचा जुना पायमोजा चढवायचा आणि मनगटाशी रिबिनीने बांधायचा. जेवण झालं की सोडायचा. मारणं नाही, ओरडणं नाही. केतकीला पहिले चार दिवस गंमत वाटली. ती मोज्याला 'सश्या' म्हणायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, सश्याला भूक लागलीय. मग आठवडाभर ती अर्धंच जेवली. मग जेवायला लागली.

सासूबाईंच्या बोटांना संधिवात होता. त्यांना रिबिनीची गाठ मारता यायची नाही. ती मी मारत होते, दिवसातून दोनदा, दोन महिने.

यांना हे माहीत नव्हतं. दुपारचे ते साइटवर जेवायचे आणि रात्री ते येईपर्यंत केतकी झोपलेली असायची. त्या दिवशी जीपच्या बाजूला उभं राहून मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठला मोजा?" मी म्हणाले, "करड्या रंगाचा." ते म्हणाले, "मी तो शोधत होतो." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

गुरुवारी मी सासूबाईंना आंतर्देशीय पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिल्यात मी त्यांना दोष दिला होता, दुसऱ्यात स्वतःला, तेव्हा दोन्ही फाडली. तिसऱ्यात फक्त काय झालं ते लिहिलं: किती वाजता, कुठे, किती मिनिटं. केतकीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. शेवटी 'आपली तब्येत जपावी' असं लिहिलं. यांच्याकडे टाकायला दिलं.

उत्तर आलं नाही. पाडव्याला त्यांचं खुशालीचं पत्र आलं, त्यात याचा उल्लेख नव्हता. मी यांना विचारलं, माझं पत्र टाकलं होतं ना? ते म्हणाले, टाकलं असणार.

मे महिन्यात सासूबाई आल्या. त्यांच्याबरोबर आंब्याची करंडी होती. केतकी त्यांच्या गळ्यात पडली, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, आंबा चोखायला मऊ करून दिला. दुपारी मी चार पाट मांडले. त्या दिवशी रविवार होता, हेही घरी होते. ताटं वाढली. वरण-भात, आमरस, कुरडई.

केतकी बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घास घेतला नाही.

"जेव की गं," हे म्हणाले.

ती हलली नाही. ती वाट बघत होती. बहुतेक मी रिबीन आणायला उठेन म्हणून.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, तेव्हा माझं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी स्वतःचं ताट उचललं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ताट घेऊन आत स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं.

"आई, काय झालं?" यांनी हाक मारली.

"काही नाही. जेवा तुम्ही," त्या आतून म्हणाल्या. "मी इथे नाहीये."

केतकीने दाराकडे पाहिलं. मग तिने डाव्या हाताने कुरडई उचलली.

त्यानंतर सतरा वर्षं सासूबाई आमच्याकडे येत राहिल्या, शेवटची तीन तर राहायलाच होत्या. त्या केतकीबरोबर एकदाही जेवायला बसल्या नाहीत. केतकी बाहेर बसली तर त्या आत, केतकी आत बसली तर त्या बाहेर. टेबल आलं तेव्हाही. मी एकदा म्हणाले, "आई, आता ती मोठी झालीय, बसा ना बरोबर." त्या म्हणाल्या, "मला सवय झालीय." पत्र मिळालं होतं का, हे मी विचारू शकले असते. ओठावर आलेलं दोनदा आठवतंय. त्या दोन हजार आठ साली गेल्या. संगमनेरच्या त्यांच्या ट्रंकेत आमची बरीच पत्रं होती. ते नव्हतं.

केतकी आता अडतीस वर्षांची आहे, नाशिकला असते. गेल्या रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे जेवायला होतो. तिची जाऊ आली होती. जेवताना जुन्या लोकांच्या गोष्टी निघाल्या, कोणाकडे किती कडक होतं ते. केतकी कोशिंबीर वाढत होती.

"आमची आजी भयंकर सोवळ्याची," ती जावेला सांगत होती. "माझ्याबरोबर कधी एका पंगतीला बसली नाही. नातीचासुद्धा विटाळ. ताट उचलून आत जायची. मला तर आठवतंय, दार लावून घ्यायची."

"बाई गं," जाऊ म्हणाली. "तुला वाईट नाही वाटायचं?"

"वाटायचं ना. मग सोडून दिलं. जुनी माणसं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भात मागून घेतला. आम्ही सोमवारी सकाळच्या गाडीने परत आलो, तिला काही न सांगता, आणि आज गुरुवार आहे.